आपापल्या बोलीत: मराठी मंडळ्यांच्या पाळकांना आणि पंचांना खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, पंचमंडळी आणि उपासनेची आखणी करणाऱ्या बंधुभगिनींनो,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

गेल्या वर्षीचा पेंटेकॉस्टचा, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाचा, रविवार माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे पत्र. आमच्या मंडळीत त्या दिवशी मराठी आणि इंग्रजी उपासना एकत्र घ्यायचं ठरलं होतं. चर्च भरलं होतं. वेदीवर लाल कापड होतं, खांबांना लाल फुलं बांधली होती. माझ्या बाकावर नवापूरकडून बांधकामावर आलेलं एक कुटुंब बसलं होतं. नवरा, बायको आणि आठ-नऊ वर्षांचा मुलगा. घरात ते मावची बोलतात, मराठी समजते. त्या घटनेची हकिगत सांगणारा, प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय वाचायला एक तरुण उभा राहिला आणि त्याने तो इंग्रजीत वाचला. चांगला वाचला. शिष्य बोलू लागले तेव्हा जमलेल्या प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं, हे वाक्यही इंग्रजीतच निघून गेलं.

मुलाने आईचा पदर ओढून काहीतरी विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या कानाशी लागून मराठीत सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या एक बाई मागे वळल्या, आणि मी गप्प बसले. त्या बाईंना मी दोष देत नाही. मी गप्प बसले, याची मला आजही खंत वाटते.

मी तीस वर्षं शब्बाथशाळा घेतली. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण हा सण मुलांना शिकवता शिकवता मला जो कळला, तो तुमच्यासमोर ठेवते आणि शेवटी एक मागणं मागते.

आपल्याकडे नाताळ आला की घरोघरी तारा लागतो, करंज्या होतात, शेजारीपाजारी ताटं जातात. ईस्टरला पहाटेची उपासना चुकवणारा विरळा. पेंटेकॉस्ट मात्र मे महिन्याच्या सुट्टीत येतो आणि निघून जातो. निम्मी मंडळी गावी असते. कितीतरी जण हा ‘त्या पेंटेकॉस्टल लोकांचा’, त्या नावाच्या पंथाचा, सण आहे असं समजतात. मंडळीचा जन्म ज्या दिवशी झाला असं आपण शिकवतो, त्या दिवसाची आपल्या घरात काहीच खूण नाही. हे मला फार लागतं.

हा सण ख्रिस्ती होण्याआधी शेतकऱ्यांचा होता. बायबलातल्या निर्गम या पुस्तकात त्याला कापणीचा सण म्हटलं आहे, पुढे सप्ताहांचा सण. यहूदी लोक आजही त्याला शावुओत म्हणतात, म्हणजे सप्ताह. पालेस्ताईनात वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटल्याच्या सणाच्या, सुमारास सातू कापणीला येतो. त्याची पहिली पेंढी याजकाने परमेश्वरासमोर ओवाळायची. आपल्या मराठी बायबलात यासाठी ‘ओवाळणे’ हाच शब्द आहे आणि तो वाचताना मला दर वेळी आमच्या अंगणातली निरांजनं आठवतात. त्या दिवसापासून सात आठवडे मोजायचे. एकेक दिवस मोजत एकूणपन्नास झाले, की पुढचा पन्नासावा. तोवर गहू तयार झालेला असतो. ‘पन्नासावा’ याचंच ग्रीक रूप पेंटेकॉस्ट. ईस्टर ५ एप्रिलला आला तर पेंटेकॉस्ट २४ मे रोजी येतो. हिशेब तोच, फक्त मोजणी पुनरुत्थानाच्या रविवारपासून सुरू होते.

त्या सणाला काय अर्पण करायचं हे लेवीय या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात सांगितलं आहे. नव्या गव्हाच्या सपिठाच्या दोन भाकरी, त्याही खमीर घालून भाजलेल्या. वल्हांडणाला घरात खमिराचा कण चालत नाही. मिसर सोडताना कणीक फुगायला वेळ नव्हता, त्याची ती आठवण. सात आठवड्यांनी मात्र घरात रोज खाल्ली जाणारी, फुगलेली भाकरीच देवापुढे न्यायची. घाईने पळालेले लोक आता स्थिरावले, त्यांच्या घरात पीठ आंबवून ठेवण्याइतकी उसंत आली, असं मी मुलांना सांगायचे.

याच परिच्छेदाच्या शेवटी एक ओळ आहे, जिच्यावर मी आजवर एकही प्रवचन ऐकलेलं नाही. शेताच्या कडाकोपऱ्यातलं पीक झाडून कापू नका, पडलेला सरवा वेचू नका. तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. सणाचे नियम चालू असताना मध्येच हे येतं आणि लगेच पुढच्या सणाचा विषय सुरू होतो. म्हणजे लिहिणाऱ्याच्या लेखी सरवा ठेवणं हे त्या सणाच्या पूजेतच धरलेलं होतं. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात तर पाहुण्यांची यादीच दिली आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, गावातला लेवी (उपासनेची सेवा करणाऱ्या कुळातला), उपरी, पोरका आणि विधवा. यहूदी सभास्थानांत या सणाला रूथचं पुस्तक वाचतात. सासूच्या मागोमाग परमुलखात आलेली मवाबी विधवा, बवाजाच्या शेतात मजुरांच्या मागे वाकून सरवा वेचणारी. जिने कधी शेंगांचा किंवा कणसांचा सरवा वेचला आहे तिला रूथची पाठ कशी दुखली असेल हे सांगावं लागत नाही.

सीनाय पर्वतावर मिळालेल्या नियमशास्त्राची आठवण या सणाला पुढे जोडली गेली. निर्गमाच्या एकोणिसाव्या अध्यायात, मिसर सोडल्यावर तिसऱ्या महिन्यात, पर्वतावर अग्नी, धूर आणि मोठा नाद आहे. कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायातला नाद आणि अग्नी वाचताना ही पार्श्वभूमी डोळ्यांपुढे हवी. माडीवर बसलेल्या त्या शिष्यांना ती तोंडपाठ होती.

येरुशलेमेत त्या दिवशी गर्दी का होती, तेही यातूनच कळतं. ते यात्रेकरू होते, सणाला आलेले. पुढे प्रेषित पौलही आशियातून येताना वाटेत वेळ न दवडता, जमलं तर पन्नासाव्या दिवसापर्यंत येरुशलेम गाठायची धडपड करतो. देवाने आपला दिवस निवडला तोच मुळी यात्रेचा, परगावच्या धुळीने माखलेल्या पायांचा. कृत्ये लिहिणारा लूक नावं देतो: पार्थी, मेदी, एलामी, मेसोपोटेमियाचे, कप्पदुकियाचे, पंताचे, फ्रुगियाचे, पंफुल्याचे, मिसरातले, कुरेनेजवळच्या लिबुवातले, रोमहून आलेले, क्रेती, अरबी. वाचकाची जीभ अडखळते म्हणून आपण ही यादी पुष्कळदा गाळतो. कृपा करून गाळू नका. ती माणसं आहेत.

आणि बोलणारे कोण? गालीली, म्हणजे गालील प्रांतातले शिष्य. त्यांच्यातल्या पेत्राची बोली इतकी गावठी, की येशूला धरलं त्या रात्री मुख्य याजकाच्या वाड्यात तो येशूला ओळखत नाही म्हणत असतानाही लोकांनी त्याला बोलण्यावरूनच ओळखलं होतं. त्या रात्री ज्या बोलीने त्याला उघडं पाडलं, तीच तोंडात घेऊन तो पन्नासाव्या दिवशी सकाळी नऊ वाजता हजारोंच्या पुढे उभा राहिला. त्याच्या तोंडची बोली शुद्ध करायची गरज आत्म्याला वाटली नाही.

पाळकसाहेब, मला या अध्यायात सर्वांत मोठं वाटतं ते हे. सगळ्यांना ग्रीक किंवा इब्री येऊ लागली असती तरीही तो चमत्कारच ठरला असता आणि कारभाराला सोयीचाही झाला असता. रोमी राज्यात ग्रीकवर बऱ्याच जणांचं भागत होतं. तरी देवाने सोय पाहिली नाही. तो एकेकाच्या घरात, आईच्या मांडीवर जी भाषा शिकली जाते तिच्यात शिरला. ऐकणारे चकित झाले ते एवढ्याचसाठी: आमच्या जन्मभाषेत हे कसे बोलतात?

पेत्राने मग योएल संदेष्ट्याचं वचन घेतलं. आपण ते ऐकतो, पण योएलचं अख्खं पुस्तक हातात घेऊन वाचत नाही. ते शेतकऱ्याने वाचावं असं पुस्तक आहे. टोळधाड येते, शेत उजाड होतं, अंजिराच्या झाडांची साल निघते, गुरं हंबरतात, कोठारं मोडून पडतात. मग दया येते, आगोटीचा आणि वळवाचा पाऊस येतो, खळी धान्याने भरतात. त्यानंतर ते वचन: मनुष्यमात्रावर मी आपल्या आत्म्याचा वर्षाव करीन. आपल्या भाषांतरकारांनी ‘वर्षाव’ हा शब्द घातला, त्यांचे किती उपकार मानावेत! मुलगे आणि मुली, म्हातारे आणि तरुण, दास आणि दासी. पाऊस बांध पाहून पडत नाही, पाटलाच्या शेतात पडतो तसा कोरडवाहू तुकड्यावरही पडतो.

त्यांच्याकडे हा सण कापणीचा, आपल्याकडे तो पेरणीच्या तोंडावर येतो. गहू-हरभरा कधीच घरात आलेला असतो. रान नांगरून उघडं पडलेलं असतं, रोहिण्या लागलेल्या किंवा लागणार असतात, मिरगाकडे डोळे लागलेले असतात. संध्याकाळी धुळीचा लोट उठतो, दारं आपटतात, बाया वाळवणं उचलायला धावतात, आणि नाकात मातीचा वास येतो. सुसाट्याच्या वाऱ्यासारखा नाद झाला आणि घर भरून गेलं, हे वाक्य मे महिन्यातल्या मराठवाड्यात समजावून सांगावं लागू नये. इब्री ‘रूआह’ आणि ग्रीक ‘प्नेउमा’ या दोन्ही शब्दांत वारा, श्वास आणि आत्मा एकत्र नांदतात. मराठीत आपण नुसता ‘आत्मा’ म्हणतो आणि वारा बाहेर राहतो. येशू स्वर्गात गेल्यापासून पन्नासाव्या दिवसापर्यंतचे दहा दिवस शिष्यांनी वाट पाहत घालवले. मिरगाची वाट पाहणाऱ्याला ते दहा दिवस माहीत आहेत.

पहिल्या काही शतकांत पेंटेकॉस्ट हे नाव एका दिवसाचं नव्हतं, ईस्टरपासूनच्या सगळ्या पन्नास दिवसांचं होतं. तो अखंड आनंदाचा काळ म्हणून त्यात गुडघे टेकून प्रार्थना करायची नाही, असा नियम ३२५ सालच्या निकियाच्या परिषदेने सगळीकडे लागू केला. चौथ्या शतकात पन्नासाव्या दिवसाला स्वतंत्र सणाचं रूप येत गेलं. पश्चिमेकडे लाल रंग, पूर्वेकडच्या मंडळ्यांत हिरव्या डहाळ्या. रोमच्या पँथिऑनमध्ये त्या दिवशी छताच्या गोल झरोक्यातून गुलाबाच्या पाकळ्या खाली सोडतात. प्रत्येक मुलखाने आपली खूण शोधली.

आता जरा अवघड गोष्ट. कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायानंतर सहावा अध्याय येतो. तीन हजारांचा बाप्तिस्मा झाला, लोक एकत्र जेवू लागले, जमिनी विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवू लागले. आणि तेवढ्यात कुरकुर सुरू झाली. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. इब्री बोलणाऱ्यांना मिळत होतं. तीच मंडळी, जिच्यावर अग्नीच्या जिभा उतरल्या होत्या! भाषेच्या चमत्कारातून जन्मलेल्या मंडळीतला हा पहिला मोठा तंटा भाषेवरून झाला, ताटावरून झाला. प्रेषितांनी विधवांना गप्प केलं नाही. त्यांनी सात माणसं निवडून घेतली, आणि त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप दिलं.

पौलाने करिंथकरांना लिहिलं, की मंडळीत न समजणारे दहा हजार शब्द बोलण्यापेक्षा इतरांना शिकवायला समजणारे पाच शब्द बोललेले मला बरे. त्या रविवारी त्या मुलाला आम्ही पाच शब्दही दिले नाहीत.

हे सगळं आपल्यापासून लांब आहे, असं कुणी म्हणू नये. केडगाव पुण्यापासून किती लांब आहे? तिथल्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी जानेवारी १९०५ मध्ये मुलींना रोजच्या खास प्रार्थनेला बोलावलं. सत्तरेक जणी आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या होत्या. दुष्काळातून वाचलेल्या मुली होत्या त्या, कुणी मध्यप्रांतातून आलेली, कुणी गुजरातेतून, कुणी आपल्याकडच्या. २९ जूनच्या रात्री त्यांच्यात जे घडलं, त्याची हकिगत अशी सांगतात की एकीला आगीने वेढलेलं पाहून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली आणि पाणी ओतणार तोच कळलं, की अंगाला आग लागलेलीच नाही. लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावरची जागृती, जिच्यापासून जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीची सुरुवात धरतात, ती एप्रिल १९०६ मधली. केडगाव तिच्या आधीचं. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी त्या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या वालपराइसो शहरात पोहोचली आणि तिथल्या मेथडिस्ट मंडळीत १९०९ मध्ये जागृती झाली. एका दुष्काळी गावातल्या पोरक्या मुलींची प्रार्थना समुद्रापार गेली, आणि आपण म्हणतो हा सण दुसऱ्यांचा.

रमाबाईंनी अन्य भाषांत बोलण्याच्या दानाचा अनादर केला नाही. ते आत्म्याचं एक चिन्ह आहे, एकमेव नव्हे, असं त्या म्हणत. मला त्याहून मोलाचं वाटतं ते त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत केलेलं काम. संस्कृतात पुराणं सांगणारी ही बाई इब्री आणि ग्रीक शिकली, आणि सगळं बायबल अशा साध्या मराठीत आणायला बसली की खेड्यातल्या बाईला ते वाचताना कुणाला अर्थ विचारावा लागू नये. जड संस्कृत शब्द त्या वेचून काढत. छपाई केडगावातच, मुक्तीच्या छापखान्यात बायांच्या हातून झाली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. केडगावचा पेंटेकॉस्ट मला त्या खिळे जुळवणाऱ्या बोटांमध्येही दिसतो.

माझी आजी धुळ्याकडची. ती अहिराणी बोलायची. चर्चमध्ये प्रार्थनेला उभी राहिली की तिचा आवाज बदलायचा, ‘हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे उपकार मानतो’ असं ती अडखळत, कुणाचं तरी उसनं लुगडं नेसल्यासारखं म्हणायची आणि लवकर खाली बसायची. घरी पहाटे चुलीपाशी फुंकणी हातात घेऊन ती जी प्रार्थना करायची ती वेगळी. ‘मना बाप’ अशी सुरुवात. मग गाईचं दूध, काकाचा दारूचा नाद, विहिरीचा तळ, सगळं एकापाठोपाठ. मध्येच फुंकर घालायची, राख उडायची, पुन्हा ‘मना बाप’. एकदा पाळकसाहेब घरी आले असताना मी तिला म्हटलं, आजी, ती सकाळची प्रार्थना म्हण ना. ती लाजली. म्हणाली, ती देवाला चालते, चर्चात चालत नाही.

हे तिला कुणी शिकवलं? कुणीच मुद्दाम नाही. आपण सगळ्यांनी मिळून.

शहरातल्या तरुणांना इंग्रजीत देव जवळचा वाटत असेल तर त्यांनी इंग्रजीत जरूर गावं. आमच्या नातवंडांपैकी काहींची तीच घरची भाषा झाली आहे आणि पन्नासाव्या दिवशी त्यांनाही त्यांच्या भाषेत ऐकू आलं पाहिजे. माझी तक्रार इंग्रजीशी नाही. एकच भाषा सोयीची म्हणून सगळ्यांवर घालायची, ही रीत मला खटकते. ती मराठीनेही केली आहे. प्रमाण मराठीच्या पुढे आमच्या अहिराणीला, वऱ्हाडीला, वसईच्या सामवेदीला, वारलीला, मावचीला आपण दाराबाहेर चपलांशेजारी ठेवत आलो आहोत.

म्हणून मागणं असं. येत्या पेंटेकॉस्टला कृत्यांचा दुसरा अध्याय मंडळीत ज्या ज्या बोली बोलल्या जातात त्या सगळ्यांत वाचला जावा, निदान त्यातली चार वचनं. वाचणारे त्या त्या घरचेच असावेत. उच्चार चुकले तरी चालतील. दुसरं, त्या रविवारच्या दानातला एक हिस्सा सरवा म्हणून बाजूला काढावा, आणि तो कुणाला द्यायचा हे ठरवायला मंडळीतल्या विधवा आणि बाहेरगावाहून कामाला आलेल्यांमधून माणसं घ्यावीत. आणि प्रभुभोजनाच्या मेजावर गव्हाच्या दोन फुगलेल्या भाकरी ठेवता आल्या तर ठेवाव्यात. मुलं विचारतील त्या कशाच्या, मग सांगता येईल.

नवापूरचं ते कुटुंब अजून येतं. दोन आठवड्यांपूर्वी मी त्या आईला विचारलं, तू वाचशील का? ती म्हणाली, मला वाचता येत नाही. थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, तुम्ही मराठीत सांगा, मी आमच्या बोलीत करून पाठ करीन. आता रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या मागच्या पायरीवर आम्ही बसतो. मी एक वाक्य सांगते, ती ते स्वतःशी पुटपुटते, मुलगा तिला मध्येच दुरुस्त करतो, कारण त्याच्या मते आई शब्द मराठीतले घालते. सुसाट्याच्या वाऱ्यापर्यंत आम्ही आलो आहोत. यादी अजून बाकी आहे.

तिला उभं राहू द्यायचं की नाही, हे तुम्हाला ठरवायचं आहे. उत्तराची वाट पाहते.

आपल्या प्रार्थनेची अपेक्षा करणारी,
मंडळीतील एक सभासद